गालावरची जखम आणि पट्टीवरचे बारा चौकोन

माझ्या कपाटात रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांची एक फाईल आहे. त्या फायलीत ईसीजीच्या चार पट्ट्या ठेवल्या आहेत. थर्मल कागद वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो, रेघा उडून जातात, म्हणून चारींच्या झेरॉक्स काढून सोबत लावल्यात. चारी पट्ट्या एकाच माणसाच्या, माझ्या धाकट्या भावाच्या. पहिल्या आणि दुसऱ्या पट्टीत सोळा दिवसांचं अंतर आहे. त्या सोळा दिवसांत काय झालं ते लिहायचं बरेच महिने मनात होतं.

मी बेळगावात एका दवाखान्यात ईसीजी काढायचं काम करते. अठरा वर्षं झाली. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं. भाऊ उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर होता. काम कमी झालं तसा एका ठेकेदाराबरोबर राजस्थानात गेला, बिकानेरच्या बाजूला सोलर प्लांटवर. पॅनेलखालच्या लोखंडी फ्रेमा उभ्या करायचं काम. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत झोपणं अशक्य, म्हणून ही सगळी पोरं रात्री बाहेर उघड्यावर खाटा टाकून झोपायची.

होळीच्या सुमारास त्याच्या डाव्या गालावर एक पुटकुळी आली. पाठोपाठ उजव्या हातावर दोन. गणपतीला घरी आला तेव्हा गालावरची जखम आठ आण्याच्या नाण्याएवढी झाली होती. कडा उंच, गोल, मधे खड्डा आणि त्यावर करडी खपली. आईनं पायरीवरच त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तिचे हात थरथरायला लागले. ती काही बोलली नाही, पण तिच्या मनात कुठला रोग आला ते मला कळलं. रात्री स्वयंपाकघरात तिनं मला हळूच विचारलं, "महारोग तर नव्हं गं?"

जखम दुखत नव्हती, खाजत नव्हती. ताप नाही, भूक चांगली. पुढचे सहा आठवडे नुसते मलमांत आणि अँटिबायोटिकच्या गोळ्यांत गेले. कुणी नागीण म्हणालं, कुणी चामडीचा टीबी म्हणालं. गावात एकानं कुठला तरी पाला वाटून बांधला, त्यानं भोवतालची कातडी आणखी भाजली. शेवटी मी रजा टाकून त्याला बेळगावात त्वचारोगाच्या मॅडमकडं नेलं. त्यांनी जखमेकडं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "गेल्या वर्षभरात कुठं राहिलास?"

हा प्रश्न त्याआधी कुणीच विचारला नव्हता.

बिकानेर म्हटल्यावर त्यांनी लगेच जखमेच्या कडेला बारीक चीर देऊन आतला द्राव काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मी त्याच क्षेत्रातली म्हणून मलाही बघू दिलं. एक मोठी फुगलेली पेशी, आणि तिच्या पोटात मोहरीसारखे बारीक दाणे खच्चून भरलेले. नीट पाहिलं तर प्रत्येक दाण्यात दोन ठिपके, एक मोठा, एक काडीसारखा. हा लेशमानिया नावाचा परजीवी. कोलकात्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी 1885 साली 'दिल्ली बॉइल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फोडात हे असलं काही पाहून नोंदवून ठेवलं होतं. पुढं 1903 मध्ये विल्यम लेशमन यांनी आणि मद्रासच्या चार्ल्स डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रुग्णांमध्ये असाच जीव वेगवेगळा शोधला, म्हणून त्या दोघांचं नाव त्याला लागलं, लेशमानिया डोनोव्हनी. काळा आजार यकृत-प्लीहेत बसतो. भावाला झाला होता तो त्याच कुळातला, पण नुसता कातडीचा. राजस्थानच्या वाळवंटी भागात तो जुना आहे.

पसरवते ती वाळूमाशी. दोन-तीन मिलिमीटरची, डासाहून लहान, आवाज न करणारी. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आत शिरते. तिच्यामुळंच पसरणाऱ्या चांदीपुरा तापामुळं विदर्भातल्या लोकांना ही माशी ठाऊक आहे, आमच्याकडं तिचं नावही कुणी घेत नाही. चावल्यावर फोड यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात, म्हणून चावलेलं आठवत नाही. माणसाकडून माणसाला हात लावल्यानं हा रोग होत नाही. हे मी त्या संध्याकाळी आईला दहा वेळा सांगितलं. दहाव्या वेळी तिनं भावाच्या गालाचा मुका घेतला.

आता औषध. गालावरची जखम डोळ्याच्या जवळ सरकत होती, आणि एकूण तीन जखमा होत्या, म्हणून सगळ्या अंगात पसरणारं औषध द्यायचं ठरलं. सोडियम स्टिबोग्लुकोनेट, म्हणजे अँटिमनी. सुरमा म्हणून जो काळा चकचकीत दगड पूर्वी कुटून डोळ्यांत घालत, त्यातला मूळ धातू हाच. (बाजारात आज सुरमा म्हणून जे मिळतं त्यात पुष्कळदा शिसं असतं. लहान मुलांच्या डोळ्यांत ते घालू नका, कळकळीनं सांगते.) आपल्याच देशात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 च्या सुमाराला कोलकात्यात एका लहानशा खोलीत राबून अँटिमनीपासूनच युरिया स्टिबामाइन बनवलं आणि काळा आजारातले अगणित जीव वाचवले. अँटिमनीचे उपकार मोठे आहेत. मी त्या औषधाच्या विरोधात लिहीत नाही. त्याच औषधानं भावाचा गाल भरून आला.

हिशेब असा: वजनाच्या किलोमागं रोज 20 मिलिग्रॅम. भावाचं वजन 62 किलो, म्हणजे रोज 1240 मिलिग्रॅम. एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम, म्हणजे रोज बारा मिलिलिटरहून थोडं जास्त. हे सलग 20 दिवस. एवढं औषध दंडात मावत नाही. दोन्ही कमरेत वाटून द्यावं लागतं, नाहीतर शिरेतून सावकाश. आमच्याकडच्या मेडिकलमध्ये ते मिळालं नाही, बाहेरून मागवावं लागलं. त्यात दिवाळी गेली.

मॅडमनी कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं: सुरू करण्याआधी ईसीजी, मग दर आठवड्याला ईसीजी, सोबत रक्ताच्या तपासण्या, म्हणजे पोटॅशियम, लिव्हर, किडनी आणि स्वादुपिंडासाठी अमायलेज. सुरुवातीचा ईसीजी मीच काढला. ती फायलीतली पहिली पट्टी.

मग सुगी आली. भात कापून आडवं पडलेलं, वर ढग. रोज खानापूरहून बेळगावला येऊन-जाऊन अर्धा दिवस मोडायचा. म्हणून ठरलं की इंजेक्शनं गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात घ्यायची. औषध आपलं, टोचणारे ते. त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. तिथली माणसं वाईट नव्हती. रात्री-अपरात्री दार उघडणारी माणसं आहेत ती. पण आठव्या दिवशी भावानं मॅडमचा कागद पुढं केला तेव्हा तिथं त्याला सांगितलं गेलं, "चामडीचा रोग हाय, छातीची पट्टी कशाला? वीस दिवस झाल्यावर बघू." भाऊ गप्प बसला. त्यानं मला फोन करून सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. अठरा वर्षं हेच काम करणाऱ्या मी स्वतःच्या भावाच्या दुसऱ्या पट्टीची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली नव्हती. याची बोच अजून गेलेली नाही.

दरम्यान अंग ठणकायला लागलं. खांदे, गुडघे, सगळे सांधे. अँटिमनीत हे होतंच. जेवण नको वाटायचं, मळमळायचं, म्हणून ओंडान्सेट्रॉनच्या गोळ्या दिल्या गेल्या. बाराव्या दिवशी घसा बसला, तर अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक तीन दिवस. त्यातच दोन दिवस जुलाब. प्रत्येक गोष्ट वेगळी धरली तर साधी. घरोघरी हीच औषधं डब्यात असतात. पण ओंडान्सेट्रॉन हृदयाची एक विशिष्ट वेळ लांबवतं, अझिथ्रोमायसिनही लांबवतं, आणि जुलाबात पोटॅशियम वाहून गेलं की तीच वेळ आणखी लांबते. अँटिमनी तर ती रोज थोडी थोडी लांबवतच होतं. चौघं एकाच दोराला एकाच बाजूनं ओढत होते, आणि जखम छान सुकत होती म्हणून घरात सगळे खूश होते.

सोळाव्या दिवशी रविवार होता. इंजेक्शन घेऊन तो बेळगावातल्या शहापूरला माझ्या घरी जेवायला आला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. वर येऊन तो पायरीवरच बसला.

"काय झालं रे?"

"काय नाही गे आक्का. छातीत जरा फडफडालंय."

"दुखालंय काय?"

"दुखत नाही. पाखरू आत अडकल्यागत होतंय. दोन दिवस झाले."

मी गॅस बंद केला. भाकरी तव्यावर तशीच राहिली. रिक्षा करून दवाखान्यात गेलो. त्याला आडवा केला, छातीला जेली लावली, सहा फुगे बसवले, हातापायांना चिमटे लावले. हे सगळं माझे हात झोपेतही करतील. पट्टी सरसर बाहेर आली.

आता ही पट्टी कशी वाचायची ते जरा सावकाश सांगते, कारण सगळं त्यातच आहे. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर वेगानं सरकतो. एक बारीक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद, पाच बारीक चौकोनांचा एक मोठा चौकोन म्हणजे 200. हृदयाचा ठोका पडतो तेव्हा आधी एक उंच टोकदार सुळका येतो, आणि त्याच्या मागून एक गोलसर टेकडी. तो सुळका म्हणजे ठोक्याचा हुकूम. ती टेकडी म्हणजे हृदयाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी परत भरून तयार होत आहेत, त्याची खूण. तिला टी म्हणतात. सुळक्याच्या सुरुवातीपासून टेकडी संपेपर्यंतचं अंतर म्हणजे क्यूटी. नाडी जलद असली की हे अंतर आपोआप आखडतं, संथ असली की वाढतं, म्हणून नाडीच्या हिशेबानं ते सुधारून घ्यावं लागतं. बॅझेट यांचं 1920 सालचं सूत्र त्यासाठी आजही वापरतात. सुधारलेला आकडा पुरुषात साधारण 450 पर्यंत, बाईत 460 पर्यंत असावा. 500 ओलांडला की धोक्याची घंटा.

पहिल्या पट्टीत भावाचं क्यूटी सव्वानऊ चौकोन होतं, म्हणजे 370 मिलिसेकंद. नाडी 75. सुधारून 414. टेकडी सुबक, वर चढून खाली उतरलेली.

सोळाव्या दिवशीच्या पट्टीत ती टेकडी नव्हतीच. तिच्या जागी भात कापल्यावर बांध दिसतो तसा एक लांबच लांब चपटा उंचवटा होता. यंत्र स्वतः हिशेब करून वर आकडा छापतं. त्यानं छापला होता 462. तेवढं वाचून कुणीही म्हणालं असतं, थोडं जास्त आहे, असू दे. पण टेकडी अशी चपटी झाली की ती कुठं संपते ते यंत्राला नेहमीच सापडतं असं नाही, ते आधीच थांबतं. मी कंपास घेतला, व्ही फाइव्हच्या, म्हणजे छातीवरच्या पाचव्या फुग्याच्या रेघेवर एक टोक सुळक्याच्या पायथ्याशी रोवलं, दुसरं टोक सरकवत सरकवत उंचवटा जिथं जमिनीला टेकला तिथं नेलं. चौकोन मोजले. बारा. परत मोजले, पुढच्या ठोक्यावर, त्याच्या पुढच्या ठोक्यावर. बाराच. 480 मिलिसेकंद, नाडी 71. सुधारून 522.

पट्टीच्या शेवटी एक ठोका वेळेआधी पडला होता, रुंद, वेडावाकडा. तो आधीच्या चपट्या उंचवट्याच्या उतारावरच पडला होता. माझ्या पोटात खड्डा पडला, कारण पुढं काय होऊ शकतं ते मी एका परक्या माणसाच्या बाबतीत मॉनिटरवर डोळ्यांनी बघितलेलं आहे. पेशी भरून तयार व्हायच्या आत दुसरा ठोका येऊन आदळला, तर हृदयाची लय पिळवटून जाते. सुळके कधी वर, कधी खाली, दोरीला पीळ घातल्यासारखे दिसतात. फ्रेंच डॉक्टर देसर्तेन यांनी 1966 मध्ये त्याला नाव दिलं, तोर्साद द प्वाँत. ते काही सेकंद टिकून थांबलं तर माणूस चक्कर येऊन पडतो आणि उठतो. थांबलं नाही तर उठत नाही.

भाऊ मात्र खाटेवर पडून छताकडं बघत मला विचारत होता, "आक्का, भाकरी करपली असंल न्हवं?"

आमच्या फिजिशियन सरांनी रविवार असूनही वीस मिनिटांत येऊन बघितलं. त्यांनी पट्टीवर स्वतः कंपास लावला. मग तीन गोष्टी भराभर केल्या: अँटिमनी बंद, ओंडान्सेट्रॉन बंद, आणि मॉनिटर लावून शिरेतून मॅग्नेशियम. रक्ताचा रिपोर्ट आला, पोटॅशियम 3.1. किमान 3.5 हवं. सलाइनमधून पोटॅशियम सुरू झालं. मग त्यांनी भावाच्या शेजारी स्टूल ओढून विचारलं, तुला कधी भोवळ येऊन पडायला झालं होतं का, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का. काही जणांत हे अंतर जन्मतःच लांब असतं, त्यांना असलं औषध द्यायच्या आधीच कळलेलं बरं. आमच्यात तसं कुणी नव्हतं.

ती रात्र आणि पुढची रात्र मी मॉनिटरसमोर बसून काढली. पहाटे तीनच्या सुमाराला चार ठोके ओळीनं वाकडे आले आणि आपोआप सरळ झाले. सिस्टर धावत आल्या. भाऊ झोपेत होता. चार ठोके म्हणजे दोन सेकंदसुद्धा नव्हेत. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दोन सेकंद तेच.

तिसरी पट्टी औषध थांबवल्यापासून तिसऱ्या दिवशीची, 478. चौथी अकराव्या दिवशीची, 421. टेकडी परत टेकडीसारखी दिसायला लागली होती. अँटिमनीनं हृदयाला केलेलं हे बहुतेक वेळा औषध थांबवल्यावर असं ओसरतं. म्हणून तर वेळेत कळणं महत्त्वाचं.

हे औषध हृदयाला असं का करतं, ते मी नंतर सरांना विचारून घेतलं. इंजेक्शनात असतं ते अँटिमनीचं पंचसंयुजी रूप. परजीवीला मारण्यासाठी अंगात त्यातलं काही त्रिसंयुजी रूपात बदलतं, आणि जास्त विषारी असतं ते हे दुसरं रूप. बरंचसं औषध लघवीवाटे लवकर निघून जातं, पण थोडं अंगात राहून दिवसागणिक साठत जातं. त्रिसंयुजी अँटिमनी हृदयाच्या पेशीत शिरणारा कॅल्शियमचा प्रवाह वाढवतं, त्यामुळं पेशीला परत भरून तयार व्हायला जास्त वेळ लागतो. ती लांबलेली टेकडी हीच. म्हणूनच पहिल्या आठवड्यात पट्टी निर्मळ आली तरी भरवसा धरायचा नसतो. डोस जितका मोठा आणि दिवस जितके जास्त, तितका धोका वाढत जातो. दुसरा आणि तिसरा आठवडा डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा.

बिहारमध्ये काळा आजारावर हीच इंजेक्शनं वर्षानुवर्षं लाखोंनी दिली गेली. पुढं तिथल्या परजीवीवर त्यांचा परिणामच होईना, म्हणून डोस आणि दिवस वाढवले गेले, आणि हृदयाचे त्रासही वाढले. 1990 च्या दशकात तिथं एका सदोष, गरजेपेक्षा दाट द्रावणाच्या औषधामुळं रुग्णांच्या हृदयावर गंभीर परिणाम झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. आता काळा आजारासाठी मुख्यतः लायपोसोमल अँफोटेरिसिन या दुसऱ्या औषधाचा एकच डोस देतात. पण अँफोटेरिसिन पोटॅशियम खाली आणतं. अँटिमनीनं आधीच दुखावलेल्या हृदयाला लगेच त्याच्या पाठोपाठ अँफोटेरिसिन दिलं तर जिवावर बेततं, हेही बिहारनंच शिकवलं. आमच्या घरच्यांचा पहिला आग्रह तोच होता. हे इंजेक्शन सोसलं नाही तर उद्यापासून दुसरं द्या, पोरगं बरं झालं पाहिजे. मॅडम आणि सर दोघंही ठाम राहिले. आधी हृदय जागेवर येऊ दे, मग बघू.

आणि घाई करायची गरजही नव्हती. चामडीचा हा आजार चेहरा विद्रूप करतो, पण काळा आजारासारखा जिवावर उठत नाही. कधीकधी तो महिन्यांनी आपणहून बरा होतो, व्रण मागं ठेवून. हे मला त्या वेळी सगळ्यात जास्त लागलं. जो रोग मारणार नव्हता, त्याच्या औषधानं जीव जाता जाता राहिला होता. सोळा दिवसांत हातावरच्या दोन्ही जखमा सुकल्या होत्या. गालाच्या कडेला थोडा उंचवटा उरला होता, तिथं मॅडमनी तेच औषध सुईनं थेट जखमेच्या कडेत टोचलं, आठवड्यातून एकदा, अगदी थोडं. असं टोचलं की रक्तात फार कमी जातं. बिकानेरचे डॉक्टर जखमेला यंत्रानं ठरावीक उष्णता देऊनही बरं करतात, हे मला तेव्हाच कळलं. मिल्टेफोसिनच्या गोळ्याही आहेत, त्या पोटाला त्रास देतात, आणि गरोदर बाईला चालत नाहीत. फ्लुकोनाझोल, केटोकोनाझोल या बुरशीच्या गोळ्यासुद्धा काही ठिकाणी या जखमांवर देतात. त्या साध्या वाटतात, पण त्याही क्यूटी लांबवणाऱ्यांतल्याच आहेत. म्हणजे इंजेक्शन नको, गोळी द्या, असं म्हणून सुटका होत नाही. पट्टी काढावीच लागते.

मला जे सांगायचं होतं ते एवढंच. जखम गालावर असते, म्हणून घरातल्या सगळ्यांचे डोळे गालावर असतात. डॉक्टर गाल बघतो, आई गाल बघते, फोटो काढून गालाचाच पाठवतात. हृदयाकडं बघायला कुणी नसतं, आणि हृदय बहुतेक वेळा ओरडतही नाही. भावाला निदान फडफड झाली. पुष्कळांना तेवढंही होत नाही. ईसीजीला आमच्या भागात दोनशे-तीनशे रुपये पडतात आणि पाच मिनिटं लागतात.

मराठीत लिहिण्याचं कारणही सांगते. औषधाच्या डब्यातला कागद इंग्रजीत होता, मुंगीएवढ्या अक्षरात, त्यात हृदयाबद्दलचा इशारा स्पष्ट छापलेला. दवाखान्यातल्या संमतीच्या फॉर्मवर कन्नड होतं. माझ्या आईला दोन्ही वाचता येत नाही. तिनं अंगठा नव्हे, मराठीत पूर्ण सही केली, पण कशाखाली केली ते तिला ठाऊक नव्हतं. भाऊ कन्नड बोलतो, वाचताना अडखळतो. सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्या घरांत हे रोजचंच आहे, आणि त्यात दोष कुठल्याच भाषेचा नाही. पण तो इशारा आईला तिच्या भाषेत वाचायला मिळाला असता, तर आठव्या दिवशी तिनंच त्याला हाताला धरून बेळगावच्या बसमध्ये बसवलं असतं. ती तशी बाई आहे. बसचे पास, रेशनच्या तारखा, खताच्या पावत्या, सगळं तिच्या लक्षात असतं.

आता भाऊ बरा आहे. गालावर एक गुळगुळीत, किंचित खोल व्रण राहिला आहे. त्याच्या पाकिटात मी एक कागद घडी करून ठेवलाय, मराठीत आणि इंग्रजीत, कुठली औषधं क्यूटी लांबवतात त्यांची नावं लिहून. धोका टळला, तरी ज्याचं हे अंतर एकदा इतकं लांबलं होतं त्यानं जन्मभर सांभाळलेलं बरं, असं सर म्हणाले. गेल्या पावसाळ्यात खोकल्यासाठी गेला होता तेव्हा त्यानं तो कागद न विसरता पुढं केला. डॉक्टरांनी वाचला आणि अँटिबायोटिक बदलून दिलं.

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. त्याच प्लांटवर त्याच्याबरोबर खाट टाकून झोपणारा अथणीकडचा एक मुलगा आहे. त्याच्या कानावर आणि पायावर तशाच जखमा निघाल्यात, सोमवारपासून इंजेक्शनं चालू होणार. मी त्या मुलाला थेट फोन लावला. आधी पट्टी काढून घे, मग टोचून घे, म्हटलं. तो म्हणाला, "आक्का, तुमचा भाऊ चार दिवस तेच बोंबलालाय. काढली बघा आज." मागोमाग व्हॉट्सॲपवर फोटो आला. थोडा तिरका, पण चौकोन स्वच्छ दिसत होते. मी फोटो मोठा केला, व्ही फाइव्हची रेघ शोधली, आणि सुळक्याच्या पायथ्यापासून मोजायला सुरुवात केली. साडेनऊ चौकोन. पोटॅशियम 4.2.

पुढच्या सोमवारची तारीख या वेळी मी माझ्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलीय. त्याच्या पुढच्या सोमवारचीही.